डेस्कटॉपमध्ये मोबाईल प्रोसेसर, वर ओव्हरक्लॉक, तेही मुंबईत: हीटसिंकबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला येणारे प्रश्न दोन गटांतून येतात. एक गट जुन्या सॉकेट ए (एएमडीच्या जुन्या चिपची खोबण) बोर्डवर एएमडीचा लॅपटॉपसाठीचा प्रोसेसर ॲथलॉन एक्सपी-एम बसवून जुने गेम खेळणाऱ्यांचा. दुसरा, लॅपटॉपची चिप सोल्डर करून मिळणारे नवे छोटे बोर्ड घेणाऱ्यांचा. दोन्हींमध्ये वीस वर्षांचं अंतर आहे, पण अडचण एकच: चिप बोडकी आहे, म्हणजे तिच्यावर धातूची टोपी नाही, आणि खोली गरम आहे. म्हणून उत्तरं एकत्रच देतो. ओव्हरक्लॉक म्हणजे चिप ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं, आणि हीटसिंक म्हणजे तिची उष्णता हवेत सोडणारा धातूचा ठोकळा.

मोबाईल प्रोसेसर म्हणजे फोनमधला का?

नाही. लॅपटॉपमधला. २००३-०४ साली ‘मोबाईल’ म्हटलं की लोकांना लॅपटॉपच आठवायचा, हे आता सांगावं लागतं.

मोबाईल चिप मुळातच थंड असते ना? मग मोठं हीटसिंक कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि यातलं अर्धंच खरं आहे. चिप थंड असते ती तिच्या मूळ व्होल्टेजवर.

ॲथलॉन एक्सपी-एम २५००+ घ्या. ‘बार्टन’ नावाचा कोअर (चिपमधला सिलिकॉनचा तुकडा), १.४५ व्होल्ट, १८६७ मेगाहर्ट्झ, ४५ वॅट. त्याच नावाची डेस्कटॉप चिप १.६५ व्होल्टवर १८३३ मेगाहर्ट्झ चालायची आणि तिचा आकडा होता ६८.३ वॅट. सिलिकॉन तेच. कमी व्होल्टेजवर नीट चालणारे तुकडे निवडून त्यांना मोबाईलचं नाव दिलेलं. शिवाय २००३ च्या अखेरीस डेस्कटॉप चिपचा मल्टिप्लायर (चिपचा वेग ठरवणारा गुणक) कुलूपबंद झाला आणि मोबाईलचा मोकळा राहिला. तेव्हा सगळे तिच्यामागे धावले ते यासाठी, थंडाव्यासाठी नव्हे.

आता उष्णतेचा हिशेब. खर्च होणारे वॅट वेगाच्या प्रमाणात वाढतात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. हीच चिप १.७५ व्होल्ट देऊन २४०० मेगाहर्ट्झला नेली तर ४५ गुणिले १.२९ गुणिले १.४६, म्हणजे साधारण ८४ वॅट. ढोबळ आहे, पण दिशा कळते. तुमची ‘थंड’ चिप डेस्कटॉपवालीच्या पुढे गेली. हे ८४ वॅट बाहेर पडतात जेमतेम एक चौरस सेंटिमीटरच्या तुकड्यातून, म्हणजे बोटाच्या नखाएवढ्या जागेतून.

म्हणून हीटसिंक निवडताना चिपच्या खोक्यावरचा वॅटचा आकडा धरू नका. तुम्ही जिथे पोचणार आहात तिथला आकडा आधी काढा.

परदेशी चाचण्यांमध्ये याच हीटसिंकवर ५५ अंश दिसतात, माझ्याकडे ६८. माल नकली आहे का?

बहुतेक वेळा नाही. तुमची खोली परदेशातली नाही, एवढंच.

हीटसिंकची खरी क्षमता ‘दर वॅटमागे किती अंश’ यात मोजतात. समजा तुमच्याकडचं ०.४ अंशांचं आहे. ८४ वॅट म्हणजे सुमारे ३४ अंशांची वाढ. ही वाढ कशावर? पंखा जी हवा ओढतो तिच्यावर. चाचणी करणाऱ्याची खोली २२ अंशांची असेल तर त्याला ५६ दिसणार. परळच्या चाळीत मे महिन्यात दुपारी ३४ अंशांच्या खोलीत तुम्हाला ६८ दिसणार. हीटसिंकचं काम दोन्हीकडे तेवढंच झालंय.

आणि ३४ हा खोलीचा आकडा, कॅबिनेटच्या आतला नव्हे. मी एकदा साधा डिजिटल थर्मामीटर सीपीयूच्या पंख्यासमोर दोऱ्याने लटकवून ठेवला. खोली ३३, आणि अर्धा तास गेम चालल्यावर आत ४०. ग्राफिक्स कार्डाची सगळी फुंकर तिथेच जमा होत होती. मागे एक १२० मिमीचा साधा पंखा हवा बाहेर टाकायला लावला तर आकडा ३५ वर आला. त्या पंख्याच्या किमतीत पाच अंश कमी करणारं हीटसिंक लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात दिवसभर हिंडूनही मिळणार नाही.

चाचण्या वाचायच्या तर तापमान नव्हे, खोलीपेक्षा झालेली वाढ वाचा. ती दिलेली नसेल तर ती चाचणी आपल्या कामाची नाही.

एक गोष्ट एसीवाल्यांसाठी. रात्री एसी लावून ओव्हरक्लॉक ‘स्टेबल’ ठरवायचं आणि दुपारी एसी बंद असताना मशीन लटकलं की बोर्डाला शिव्या द्यायच्या, हे मी पुष्कळदा पाहिलंय. तापलेल्या चिपमधली विजेची गळती वाढते आणि त्याच वेगाला ती जास्त व्होल्टेज मागते. चाचणी घ्यायची तर दुपारी तीन वाजता, एसी बंद, खिडकी उघडी.

तांबं की ॲल्युमिनियम?

तांबं उष्णता साधारण पावणेदोन पट चांगली वाहून नेतं. वजन मात्र तिप्पटीहून जास्त. घरात तांब्याच्या बुडाचं स्टीलचं पातेलं असतं, तेच तत्त्व इथे चालतं: बूड तांब्याचं हवं, कारण उष्णता एका ठिपक्यातून येते आणि ती आधी आडवी पसरायला हवी. वरचे फिन, म्हणजे हवेला उष्णता देणारे पत्रे, पातळ ॲल्युमिनियमचे असले तरी चालतं.

वजनाला कमी लेखू नका. सॉकेट एसाठी एएमडीची शिफारस ३०० ग्रॅमपर्यंतची होती. झालमनचं सीएनपीएस ७००० पूर्ण तांब्यात घेतलं तर ७७३ ग्रॅम, तांबं-ॲल्युमिनियम मिश्र घेतलं तर ४४५. उभ्या कॅबिनेटमध्ये हे वजन बोर्डावर आडवं लटकतं. आणि मशीन रिक्षातून नेणार असाल तर रस्त्यातले खड्डेही त्यात धरा. पाऊण किलोचं तांबं बसवलेलं कॅबिनेट नेताना मी ते आडवं, मांडीवर घेऊन बसतो.

सॉकेट ए वर मोठं हीटसिंक कसं बसवायचं? क्लिपची भीती वाटते.

वाटायलाच हवी. या चिपवर धातूची टोपी नाही. कोअर उघडा आहे, काचेसारखा ठिसूळ, आणि त्याच्या चार बाजूंना चार रबरी ठिपके, एवढंच संरक्षण.

माझा पहिला एक्सपी-एम मी असाच घालवला. हीटसिंक ठेवलं, एका बाजूची क्लिप अडकवली, दुसऱ्या बाजूला चपट्या स्क्रू ड्रायव्हरने दाबत होतो. क्लिप घट्ट होती. मी उभा राहून जोर लावला आणि हीटसिंक एका कडेवर किंचित कललं. आवाज आला तो पापड मोडल्यासारखा, फार बारीक. काढून पाहिलं तर कोअरचा एक कोपरा तांदळाच्या कणीएवढा उडालेला, मधल्या उष्णता नेणाऱ्या पांढऱ्या पेस्टमध्ये राखाडी चूर. गंमत म्हणजे त्यानंतर ती चिप तीन दिवस चालली. चौथ्या दिवशी स्क्रीन काळा.

तेव्हापासून क्रम असा. बोर्ड कॅबिनेटच्या बाहेर, टेबलावर, खाली जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. हीटसिंक सपाट ठेवायचं आणि डाव्या तळहाताने मधोमध धरून ठेवायचं. तो हात शेवटपर्यंत उचलायचा नाही. मग क्लिप. सॉकेटच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन दात असतात. तिन्ही धरणारी क्लिप असेल तरच जड हीटसिंक त्यावर टांगा. एकाच मधल्या दातावर टांगलेलं वजन तो दात मोडून खाली येतं. सॉकेट तुटला की बोर्ड गेला. आणि स्क्रू ड्रायव्हर घसरला तर बोर्डावरच्या बारीक तारा कापल्या जातात, म्हणून टोकाखाली पुठ्ठ्याचा तुकडा ठेवायचा.

दिशा दोनदा तपासा. हीटसिंकच्या बुडाला एका कडेला पायरीसारखी खाच असते. सॉकेटच्या ज्या बाजूला उंचवटा आहे, ती खाच त्याच बाजूला यायला हवी. उलटं बसवलं तर हीटसिंक उंचवट्यावर टेकतं, कोअरवर टेकत नाही. दिसायला सगळं नीट दिसतं. चालू केलं की काही सेकंदांत चिप जळते. त्या काळातला पेंटियम ४ तापल्यावर स्वतःचा वेग कमी करायचा, ॲथलॉनला ती अक्कल नव्हती.

बोर्डाला सॉकेटभोवती चार भोकं आहेत. त्यांचा उपयोग?

असतील तर नशीबवान आहात. ॲबिट एनएफ७-एस ला ती होती, आणि तो बोर्ड आजही शोधला जातो त्यामागे हेही एक कारण आहे. बोल्टने बसणारं हीटसिंक, उदाहरणार्थ थर्मलराइटचं एसपी-९७, या भोकांशिवाय बसतच नाही. बोल्ट असले की सॉकेटच्या दातांवर भार नाही आणि दाब चारही कोपऱ्यांतून सारखा वाढवता येतो: समोरासमोरचे दोन, अर्धा-अर्धा फेरा. गाडीचं चाक लावताना नट आवळतात तसं.

भोकं नसतील तर पाडू नका. विचारलंय लोकांनी. बोर्डात तांब्याच्या तारांचे थर असतात.

कोअरभोवती तांब्याची शिम (पातळ चकती) लावू का?

नको. कोअरपेक्षा ती केसभर जाड निघाली तर हीटसिंक शिमवर बसेल आणि कोअरवर टेकणारच नाही. शिवाय चिपच्या पृष्ठभागावरचे उघडे ब्रिज (विजेच्या बारीक जोडण्या) तांब्याने एकमेकांना जोडले जाण्याचा धोका आहेच. रबरी ठिपके आणि तुमचा तळहात पुरेसे आहेत.

हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या बंद नळ्या) थेट चिपला टेकणारी हीटसिंकं स्वस्त मिळतात. घेऊ?

टोपीवाल्या डेस्कटॉप चिपसाठी खुशाल घ्या. बोडक्या चिपसाठी घेऊ नका.

टोपी उष्णता तीन-चार सेंटिमीटर रुंदीत पसरवून देते, म्हणून चारही पाइपांना काम मिळतं. बोडक्या कोअरची रुंदी एखाद-दीड सेंटिमीटर. सहा मिलिमीटरचे पाइप शेजारी-शेजारी असतील तर त्याच्यावर मधले दोनच येतात आणि बाहेरचे दोन नुसते बसून पगार खातात. त्यात पाइपांमधल्या फटी नेमक्या कोअरच्या मध्यावर आल्या तर तिथे धातू नाही, फक्त पेस्ट. बूड अखंड तांब्याचं, किंवा तांब्यावर निकेलचा मुलामा असलेलं घ्या, ज्यात पाइप वरच्या बाजूने सोल्डर केलेत. थोडे पैसे जास्त जातात, पण जागच्या जागी जातात.

नवे बोर्ड: लॅपटॉपची इंटेल किंवा रायझन चिप सोल्डर केलेले. त्यांना कुठलं हीटसिंक बसतं?

आधी बघा, बोर्ड हीटसिंकसकट आहे का. मिनिसफोरमचा बीडी७९०आय, ज्यावर सोळा कोअरचा रायझन ९ ७९४५एचएक्स असतो, तो हीटसिंक बसवूनच येतो. १२० मिमीचा पंखा तेवढा आपण लावायचा. तिथे प्रश्न पंख्याचाच उरतो, आणि मुंबईत तो पंखा हवा ढकलायला दमदार हवा. कॅबिनेटच्या सजावटीतला दिव्यांचा पंखा तिथे लावू नका.

चीनहून येणाऱ्या, इंटेलची बारावी-तेरावी पिढी सोल्डर केलेल्या बोर्डांचं मात्र तपासून घ्यावं लागतं. तीन गोष्टी विचारा, आणि उत्तर फोटोसकट मागा.

भोकांचं अंतर. इंटेलच्या डेस्कटॉप सॉकेटांपैकी एलजीए ११५एक्स आणि १२०० चं ७५ मिमी, एलजीए १७०० चं ७८ मिमी. तीन मिलिमीटरच आहेत म्हणून ओढून-ताणून बसवू नका, बोल्ट तिरका जातो आणि दाब एका बाजूला पडतो.

उंची. हा खरा सापळा आहे. तुमचं हीटसिंक सॉकेट, चिप आणि टोपी अशी तिन्हींची उंची धरून बनवलेलं असतं. सोल्डर केलेली बोडकी चिप त्याहून काही मिलिमीटर बुटकी. भोकं जुळली, बोल्ट पूर्ण आवळले, तरी बूड डायवर (चिपच्या उघड्या सिलिकॉनवर) नीट दाबलं जाणार नाही. काही विक्रेते डायवर तांब्याची जाड पट्टी बसवून ही उंची भरून काढतात. अशी पट्टी नसलेला बोर्ड आला तर ओळख सोपी आहे: चालू केल्या-केल्या तापमान १०० वर आणि हीटसिंक हाताला गार. हीटसिंक गार म्हणून खूश होणारे लोक मला भेटलेत. ते गार आहे, कारण उष्णता तिथवर पोचलेलीच नाही.

तिसरी गोष्ट, मागची प्लेट, म्हणजे बोर्डाच्या मागून बोल्ट धरणारी पट्टी. ती बोर्डाबरोबर येते का ते विचारा, कारण तुमच्या हीटसिंकबरोबर आलेली प्लेट मागच्या घटकांवर टेकू शकते.

त्यांच्यावर ओव्हरक्लॉक होतं का पण?

इंटेल चिपच्या नावाच्या शेवटची अक्षरं बघा: एच मालिकेत मल्टिप्लायर बंदच असतो, एचके आणि बऱ्याच एचएक्स चिपमध्ये मोकळा. साध्या एच चिपवर लोक ज्याला ओव्हरक्लॉक म्हणतात ते असतं पॉवर लिमिट, म्हणजे चिपला वापरू द्यायच्या वॅटची मर्यादा, वाढवणं. कोअर आय७ १२७००एच चा मूळ आकडा ४५ वॅट आणि टर्बोचा, म्हणजे थोडा वेळ जोरात धावतानाचा, ११५. लॅपटॉपमध्ये तो ११५ वर काही सेकंद टिकतो. डेस्कटॉपमध्ये तुम्ही तो कायमचा ११५ वर ठेवता. म्हणजे हीटसिंक ११५ चं घ्यायचं, ४५ चं नाही. १३९००एचएक्स ला हाच आकडा १५७ आहे. तिथे चांगलं टॉवर (उभं, उंच) हीटसिंकही उन्हाळ्यात घाम गाळतं.

उंचीचा विचार करा. नॉक्टुआचं एनएच-एल९आय पंख्यासकट ३७ मिमी आहे, छोट्या खोक्यात बसतं, दिसतंही छान, पण ११५ वॅट त्याच्या गळ्यात घालू नका. १२० मिमी पंख्याचे टॉवर साधारण १५५ ते १६० मिमी उंच असतात. कॅबिनेट आधी घेतलं आणि हीटसिंक नंतर, तर झाकण लागत नाही. मग झाकण काढून मशीन चालवणारे, आणि त्या मशीनमध्ये झोपणारी मांजरं, दोन्ही मी पाहिलेत.

लॅपटॉपचंच हीटसिंक काढून लावू का?

नाही.

पेस्ट कुठली?

हीटसिंकइतका वेळ यात घालवू नका, पण बोडक्या डायचं एक वैशिष्ट्य लक्षात ठेवा. पातळ पेस्ट गरम-थंड होता-होता काही महिन्यांत कडेला ढकलली जाते आणि मध्य कोरडा पडतो. ‘गेल्या दिवाळीत ७० होते, आता ८५ का’ याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं. जरा घट्ट पेस्ट घ्या, किंवा हनीवेलची पीटीएम७९५० ही पत्री घ्या. ती ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन पसरते आणि मग जागा सोडत नाही. नकली पत्र्या बाजारात भरपूर आहेत, ओळखीच्या दुकानातूनच घ्या.

द्रव धातूची पेस्ट ॲल्युमिनियमला लागली तर ॲल्युमिनियम खाऊन टाकते. तांब्याचं बूड नसेल तर तिचा विचारही नको. आणि कोअरवर लावताना चिपवरच्या बारीक घटकांवर थेंब गेला तर शॉर्ट.

पावसाळ्यात हीटसिंकवर दव धरून शॉर्ट होईल का?

हवेच्या हीटसिंकवर नाही. दव धरायला वस्तू खोलीपेक्षा गार असावी लागते, आणि हीटसिंक नेहमी खोलीपेक्षा गरमच असतं. पेल्टिअर (विजेवर गार होणारी पट्टी) किंवा बर्फाचं पाणी वापरणाऱ्यांनी मात्र मुंबईत जुलैमध्ये हा नाद सोडावा. तेव्हा आपल्याकडचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे २५ अंशांचं पाणीदेखील नळीवर थेंब आणू शकतं.

खारी हवा जास्त त्रास देते, तोही सावकाश. समुद्राजवळ राहत असाल तर ॲल्युमिनियमच्या फिनवर पांढरी भुकटी येते, तांबं काळपट होतं. काळपट तांब्याने कामगिरीत जाणवण्यासारखा फरक पडत नाही, देव्हाऱ्यातल्या भांड्यांसारखं चिंचेने घासत बसू नका. बूड मात्र स्वच्छ हवं.

धूळ हा खरा शत्रू. शेजारी इमारतीचं काम चालू असेल तर सिमेंटची धूळ दमट हवेत फिनवर लिंपल्यासारखी बसते. फिन फार दाट असलेलं हीटसिंक चाचणीत पहिलं येतं आणि दोन महिन्यांत आपल्याकडे मागे पडतं. मी म्हणून थोडे विरळ फिनवालंच घेतो. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर बेअरिंग जातं.

८० मिमीचा जोरात फिरणारा पंखा की ९२, १२० चा?

हीटसिंक घेईल तेवढा मोठा. ८० चा मिनिटाला पाच हजार फेऱ्यांवर चालतो तेव्हा शेजारच्या घरात मिक्सर लावल्यासारखं वाटतं. एसपी-९७ वर ८० आणि ९२ दोन्ही बसतात, ९२ चा लावा.

किती तापमान चालेल?

डेस्कटॉप बार्टनची मर्यादा ८५ अंश, मोबाईलची १००. नव्या इंटेल एच चिपचीही १००. पण जुन्या बोर्डांवर आकडा कुठून येतो ते बघा: काही बोर्ड चिपच्या आतल्या डायोडवरून (चिपमधल्याच तापमापकावरून) वाचतात, काही सॉकेटच्या मधल्या सेन्सरवरून, आणि तो प्रत्यक्षापेक्षा बराच कमी दाखवतो. मी एक्सपी-एम दुपारच्या चाचणीत ७० च्या आत ठेवतो. त्याच्या वर गेला की मेगाहर्ट्झ नव्हे, व्होल्टेज उतरवतो. ०.०५ व्होल्ट कमी केले की ८४ वॅटचे साधारण ७९ होतात आणि वेग तोच राहिला तर फुकटचा फायदा.

वापरलेलं हीटसिंक विकत घेताना काय बघू?

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या बाजारात जाणार असाल तर खिशात स्टीलची पट्टी आणि छोटी टॉर्च ठेवा. पट्टी बुडावर उभी धरा, मागून उजेड टाका. मध्यावर उजेडाची फट दिसली तर बूड खोलगट आहे. टोपीवाल्या चिपला थोडं चालून जातं, बोडक्या कोअरला नाही. हीटपाइपवर चेप किंवा वाकवल्याची खूण असेल तर ठेवून द्या. आतली नळी दबली की तो पाइप नुसता तांब्याचा गज.

आणि क्लिप मागा. एका दुकानदाराने मला सुरेख तांब्याचं हीटसिंक वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं, क्लिप ‘आत आहे’ म्हणाला. घरी उघडलं तर नव्हती. दुसऱ्या दिवशी गेलो, तर तो म्हणाला, क्लिप वेगळी, शंभर रुपये. दिले. ती पेंटियम ४ ची निघाली.